पान चाळीसवरची खूण

मैत्रिणींनो, एक काम करा. कपाट, उशाखालची जागा, शिलाई मशीनचा खण, सगळीकडे जरा हात फिरवून बघा. अर्धवट वाचलेली किती पुस्तकं निघतात? कशात बसचं तिकीट, कशात लग्नपत्रिकेचा तुकडा, कशात किराणाची चिठ्ठी. आणि ही खूण असते बहुतेक चाळीसाव्या पानाच्या आसपास! सुरुवात मोठ्या हौसेनं झालेली असते. मग पाहुणे येतात, मुलांच्या परीक्षा येतात, वर्षाची मिरची भरायचे दिवस येतात, आणि पुस्तक तिथंच थांबतं.

हे दुखणं फक्त आपलंच आहे असं मात्र समजू नका हं! अमेरिकेतले गणिताचे प्राध्यापक जॉर्डन एलनबर्ग यांनी २०१४ मध्ये गमतीगमतीत एक माप काढलं. ई-पुस्तकात वाचक आवडलेल्या ओळींवर खुणा करतात, त्या कितव्या पानापर्यंत दिसतात ते त्यांनी पाहिलं. काही नावाजलेल्या पुस्तकांत सगळ्या खुणा सुरुवातीच्या पानांतच! या मापाला त्यांनी नाव दिलं शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांचं. त्यांचं १९८८ सालचं काळावरचं पुस्तक खपलं अफाट, पण ते शेवटपर्यंत वाचणारे थोडे, अशी त्याची ख्याती.

तिकडच्यांचं पुस्तक कंटाळ्यानं राहत असेल. आपलं मात्र बऱ्याचदा हाकेनं राहतं. "अगं, चहा टाक." "मम्मी, माझे मोजे कुठे?" सलग अर्धा तास कुणाला मिळतो? पुन्हा पुस्तक हातात घ्यावं तर कोण कुणाचा कोण हेच आठवत नाही. मग चार पानं मागं जायचं. असं दोनदा झालं की पुस्तक मिटलंच समजा. वर ऐकायचं काय, तर "हिची धरसोडच फार!"

भालचंद्र नेमाडे यांची 'हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ' ही कादंबरी २०१० मध्ये आली. आपल्याच खानदेशातल्या खंडेरावाची गोष्ट. वडिलांच्या आजारपणाचं कळतं आणि तो उत्खननाचं काम सोडून मोरगावला निघतो. पानं जवळजवळ सहाशे! वाचनालयातून मी ती तीनदा आणली आणि तीनदा मुदत संपली म्हणून परत दिली. चौथ्यांदा मात्र पारायणाची रीत धरली.

आपल्या बायका वाचायला घेतलेलं पुरं करत नाहीत असं म्हणणाऱ्यांनी एकदा सप्ताहाला येऊन बघावं. ज्ञानेश्वरीचे १८ अध्याय, नऊ हजारांच्या आसपास ओव्या, सात दिवसांत पूर्ण. हे कसं जमतं? वेळ ठरलेली, जागा ठरलेली, रोजचा वाटा ठरलेला. आणि मुख्य म्हणजे, पोथी वाचायला बसलेल्या बाईला कुणी हाक मारत नाही! मग हा मान कादंबरीला का नसावा? रात्री ओटा आवरला की दहा पानं, असं मी घरात सांगूनच टाकलं. माणसांची नावं एका चिठ्ठीवर लिहून ती पुस्तकातच ठेवली. पहिले आठ दिवस कुरकुर झाली. नंतर हेच विचारायला लागले, "तुझी दहा पानं झाली का?" दोन महिन्यांत खंडेराव पूर्ण!

म्हणजे प्रत्येक पुस्तक शेवटापर्यंत ओढलंच पाहिजे असं नाही. शिवलीलामृताचा फक्त अकरावा अध्याय रोज वाचणारी काकू गल्लोगल्ली असते. तिला कुणी म्हणतं का, की तुमचं वाचन अर्धवट? ग्रंथालयशास्त्राचे आपले मोठे जाणकार एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये पाच सूत्रं मांडली. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं आणि वाचकाचा वेळ वाचावा, ही त्यांतलीच दोन. पन्नास पानांनंतरही जीव रमत नसेल तर ते पुस्तक आपलं नाही. खुशाल बदलून आणा. पण सोडलेलं पुस्तक वेगळं आणि सुटलेलं वेगळं. सोडलं ते आपल्या मर्जीनं. सुटलं ते परत मागून घ्यायचं.

हे मी इतकं जीव तोडून का सांगते? २०११ च्या जनगणनेत आपल्या नंदुरबार जिल्ह्याची साक्षरता सुमारे ६४ टक्के होती, राज्यात सर्वांत कमी. बायकांमध्ये तर शंभरातल्या जेमतेम छप्पन्न-सत्तावन्न जणी. माझ्या सासूबाई त्यांच्यात नाहीत. मागच्या हंगामात त्या मिरच्यांचे देठ खुडत बसायच्या आणि मी लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' मोठ्यानं वाचायची. लक्ष्मीबाई लग्नानंतर, नवऱ्याकडून वाचायला शिकल्या. १९१९ मध्ये रेव्हरंड टिळक गेले, तेव्हा त्यांचं 'ख्रिस्तायन' हे काव्य अपुरं होतं. ते पुढे लक्ष्मीबाईंनीच पूर्ण केलं. हे ऐकून सासूबाईंचे हात थांबले. "लग्न व्हयनावर शिकनी?" त्यांनी दोनदा विचारलं.

त्या दिवसापासून पुस्तक अर्धवट ठेवायची सोयच उरली नाही. रोज दुपारी प्रश्न तयार, "मंग काय जायं वं?" एकदा पाहुणे आले आणि वाचन राहिलं. रात्री बघते तर पुस्तक त्यांच्या मांडीवर. आत खुणेच्या जागी बोट घालून बसलेल्या. म्हणाल्या, खूण पडली खाली, पान हरवलं असतं.

आता आमच्या भिशीतही चिठ्ठी निघाली की अर्धा तास एकीनं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, असं ठरलंय. बघा, तुमच्याकडे जमतं का. सुरुवात चाळीसाव्या पानापासून केली तरी चालेल!