अक्षता पडल्या की चित्र फुटायचं

लग्न तीन तासांचं आणि सीडी ऐंशी मिनिटांची. 2000 नंतरची काही वर्षं देशभरातले व्हिडिओवाले याच गणितात अडकलेले होते. इंदुरात संगणकाचं सामान घ्यायचं तर सिल्व्हर मॉल आणि इलेक्ट्रॉनिक्सचं घ्यायचं तर जेल रोड, ही शहराची जुनी सवय. कोऱ्या सीडींची चळत, सीडी रायटर आणि कॅमेऱ्यातली टेप संगणकात उतरवणारं फायरवायर कार्ड एवढं जमवलं की घरच्या घरी स्टुडिओ उभा राहायचा. खरी अडचण त्यानंतर सुरू व्हायची.

मिनी डीव्ही टेपवरचं एक तासाचं चित्रण संगणकात घेतलं की सुमारे 13 जीबी जागा खायचं. सीडीवर मावणार 700 एमबी. शिवाय विंडोज 98 वापरत असलेल्या फॅट32 या मांडणीत एक फाइल 4 जीबीपलीकडे जाऊच शकत नसे, म्हणजे विसेक मिनिटांतच फाइल भरायची. तीन तासांच्या लग्नाचे तुकडे असे सीडीपर्यंत पोचण्याआधीच पडू लागायचे.

यावरचं रुळलेलं उत्तर म्हणजे व्हीसीडी. फिलिप्स, सोनी, मात्सुशिता आणि जेव्हीसी यांनी 1993 मध्ये तिचे नियम ठरवले. आपल्याकडच्या पाल पद्धतीत चित्राचा आकार 352 बाय 288 ठिपके, चित्रासाठी सेकंदाला 1150 किलोबिट आणि आवाजासाठी 224. डीव्हीच्या चित्रात 720 बाय 576 ठिपके असतात. म्हणजे पाऊण भाग चित्र आधीच वजा. उरलेलं एमपेग-1 पद्धतीने आवळायचं. एवढं केल्यावर तासाभराचे 13 जीबी सव्वासहाशे एमबीच्या आसपास यायचे, जवळजवळ विसावा हिस्सा.

दर सेकंदाचा खर्च असा बांधलेला असल्यामुळे व्हीसीडीचा हिशेब एमबीत होतच नसे, तो मिनिटांत व्हायचा. बायको-पोरांसह सगळं गणगोत नाचत असो की भटजी एकटेच मंत्र म्हणत असोत, ऐंशी मिनिटं झाली की सीडी संपली. आणि इथेच नवशिक्यांना बुचकळ्यात टाकणारी एक गंमत होती: 700 एमबीच्या सीडीवर जवळजवळ 800 एमबीची फाइल बिनबोभाट बसायची.

ती जागा येते कुठून? ऐंशी मिनिटांच्या सीडीवर 3,60,000 कप्पे असतात. साधी माहिती साठवताना प्रत्येक कप्प्यात 2048 बाइट आपल्या कामाचे असतात. बऱ्याचशा उरलेल्या जागेत चुका दुरुस्त करण्याची तजवीज असते. हिशेबाच्या कागदातला एक आकडा बिघडला तर सगळा कागद बिघडतो, म्हणून ही काळजी. चित्रात एखादा ठिपका क्षणभर चुकला तर कुणाचं काही अडत नाही. म्हणून व्हीसीडीने दुरुस्तीचा हा जादा थर काढून टाकला आणि प्रत्येक कप्प्यात 2324 बाइट भरले. शंभरेक एमबी मिळाले ते सुरक्षेच्या मोबदल्यात.

एमपेगची युक्ती साधी आहे. अधूनमधून एक चित्र पूर्ण नोंदवायचं आणि मधल्या चित्रांत फक्त काय हललं तेवढं टिपायचं. अंतरपाट धरलेला, वधूवर स्थिर, मंगलाष्टकं चालू, अशा दृश्यात हलतं फारसं काही नाही. ठरलेल्या बिटांत चित्र स्वच्छ दिसतं. मग शेवटचं ‘सावधान’ होतं, चारी बाजूंनी अक्षता उडतात, फोटोग्राफरचे फ्लॅश लखलखतात, आणि पडद्यावर चौकोनी ठोकळे उमटतात. प्रत्येक तांदूळ वेगळ्या दिशेने जाणारा. आधीच्या चित्राचा उपयोग शून्य. बिट मात्र तेवढेच. लग्नातला सगळ्यात महत्त्वाचा क्षण व्हीसीडीवर सगळ्यात वाईट दिसावा, हा त्या तंत्राचा निव्वळ वाह्यातपणा होता. इंदुरात रंगपंचमीला राजवाड्यावर निघणाऱ्या गेरचं, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीचं, चित्रण तर या पद्धतीची परीक्षाच. हवेत उंच उडणारा गुलाल, टँकरमधून सुटणारे पाण्याचे फवारे, हजारो हलती डोकी. याउलट शास्त्रीय गाण्याची मैफल, एका जागी बसलेला गायक आणि स्टँडवरचा कॅमेरा: चित्राला तिथे काही कष्टच नाहीत.

मैफलीचे वाचलेले बिट गेरला देता आले तर? डिव्हएक्स आणि पाठोपाठ एक्सव्हिड या चित्र आवळण्याच्या नव्या पद्धतींनी नेमकं हेच केलं. संगणक आधी अख्खी फिल्म तपासून कुठे किती हालचाल आहे ते नोंदवतो आणि दुसऱ्या फेरीत त्यानुसार वाटप करतो. किती आवळायचं तेही आपल्या हातात. दीड तासाचं चित्रण 700 एमबीत बसवायचं तर सेकंदाला सुमारे 1090 किलोबिट मिळतात. त्यातले 128 आवाजाला दिले की साडेनऊशेहून थोडे जास्त चित्राला. आकडा व्हीसीडीपेक्षा कमी, पण पद्धत अधिक हुशार असल्यामुळे चित्र मोठं आणि सरस. मात्र एका पेंटियम संगणकाला रात्रभर राबावं लागे. आणि एवढं करून देवासच्या मावशीकडच्या प्लेयरवर ती सीडी चालेल याची खात्री नाही. व्हीसीडी सगळीकडे चालायची, म्हणून लग्नांच्या बाबतीत तीच जिंकली. तीन तासांच्या तीन सीडी करायच्या, एवढंच. सीमांतपूजन एकीवर, लग्न दुसरीवर, जेवणावळी तिसरीवर असा शहाणा तुकडा पाडणारा व्हिडिओवाला खरा कारागीर. बाकीच्यांची सीडी सप्तपदीच्या चौथ्या पावलावर संपायची.

पुढे डीव्हीडी स्वस्त झाली, 2007 च्या सुमारास मोझर बेअरने चित्रपटांच्या व्हीसीडी 28 रुपयांना आणून बाजार हलवला, मग पेन ड्राइव्ह आले आणि हा सगळा खटाटोप संपला. कपाटातल्या सीडी मात्र आहेत.

त्यांची चिंता करायला हवी. घरी लिहिलेल्या सीडीत लेझरने तापवून खुणा उमटवलेला रंगाचा थर असतो. ऊन आणि दमट हवा त्याला मानवत नाही. हा थर नाव लिहितो त्या बाजूला, लाखेच्या पातळ लेपाखालीच असतो. त्यामुळे वरचा ओरखडा खालच्यापेक्षा घातक. त्यात व्हीसीडीवर दुरुस्तीचा जादा थर नाही, तेव्हा खराब झालेला भाग परत मिळवणं अवघड.

घरात जुन्या व्हीसीडी असतील तर यंदाच त्या उतरवून घ्या. मऊ कापडाने मधून कडेकडे पुसा. सीडीवरच्या एमपेगएव्ही या फोल्डरमधली डॅट फाइल जशीच्या तशी कॉपी करा. व्हीएलसी प्लेयरवर ती चालते. एका संगणकावर वाचली गेली नाही तर दुसऱ्या ड्राइव्हवर लावून पाहा. लहान करण्याच्या मोहात ती पुन्हा आवळू नका, आधीच विसावा हिस्सा उरला आहे. जागेची तर अडचणच नाही: 32 जीबीच्या पेन ड्राइव्हवर अशा भरगच्च सीडी पस्तीस मावतात.