नाथसागरातले पांढरे मासे
पैठणच्या मासळी बाजारात 'तो पांढरा द्या' एवढंच म्हणून मासा घेणारे पुष्कळ. चकचकीत खवल्यांचे मासे म्हणजे एकच जात, असा त्यांचा समज. युरोप-अमेरिकेतल्या थंड सरोवरांत 'व्हाइटफिश' नावाचा मासा खरोखर आहे. पण तो सामनचा भाऊबंद. आपल्याकडच्या पाण्यात तो नाही. आपल्या टोपलीत असतात कटला, रोहू आणि मृगळ, आणि ते ओळखायला तोंड पाहिलं की पुरतं. कटल्याचं डोकं भलं मोठं, तोंड वर वळलेलं, कारण तो वरच्या थरातले सूक्ष्म जीव टिपतो. रोहूचा खालचा ओठ झालरीसारखा. तो मधल्या थरात चरतो. मृगळ तिघांत सडपातळ, तोंड खाली झुकलेलं. तळातलं कुजकं-मुरकं हे त्याचं अन्न. म्हणूनच एका तळ्यात तिघं सुखाने नांदतात.

हे मासे गोदावरीचेच, असंही छातीठोकपणे सांगितलं जातं. पण रोहू आणि मृगळ मूळचे गंगेच्या खोऱ्यातले. इथे ते बीज, म्हणजे माशांची पिल्लं, सोडून वाढवलेले. नाथसागर ज्यामुळे झाला, त्या जायकवाडी धरणाचं उद्घाटन १९७६ साली झालं. त्याच्या कितीतरी आधीपासून नदीत राहणारे म्हणजे शिवडा, मरळ आणि वाम. बाजारात त्यांना मान आहे, पण त्यांचं मूळ घर हेच, याची आठवण फारशी कुणी ठेवत नाही, याचं मला वाईट वाटतं.

'पाऊस पडला की मासे आपोआप होतात,' हा समज सर्वांत घट्ट. रोहू-कटला साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. त्यामुळे पूर्वी बीज नदीतून गाळून आणावं लागे आणि त्यात नको त्या जातींची पिल्लंही येत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल इथे मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरी यांनी माशांना पियूषिका ग्रंथीचा अर्क टोचून अंडी घालायला लावली. आज मत्स्यबीज केंद्रांत मिळणारं बीज त्याच शोधाचं फळ आहे.

चिलापीला (तिलापियाला) मात्र पुराची गरज नाही. लोक तिला इथलीच समजतात. ती आफ्रिकेतली, १९५२ मध्ये भारतात आलेली. मादी अंडी तोंडात सांभाळते आणि वर्षातून अनेकदा विते. तिचा भराभर वाढणारा पसारा पाहून १९५९ मध्येच तिच्या प्रसारावर बंदी घालण्यात आली होती. तोवर ती पाण्यात रुजली होती.

शेवटचा समज पहिल्या पुराचा. ओढ्यात चढून आलेली मासळी देवाने धाडलेली, फुकटची, म्हणून कपडा लावून पकडली जाते. तिच्या पोटात गाभोळी असते. रोहूची एक मोठी मादी लाखांनी अंडी घेऊन वर चढत असते, आणि तीच त्या दिवशी कढईत जाते.