बॉनेट की हूड? पेपर शोधण्याआधी शब्द जुळवा

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी केलेली एक चूक सांगतो. विषय होता, अपघातात पादचाऱ्याचं डोकं गाडीच्या पुढच्या झाकणावर आदळतं तेव्हा काय होतं. डेटाबेसमध्ये मी फक्त 'बॉनेट' शब्द टाकला. दोन महिने वाचन केल्यावर कळलं, अमेरिकेतले कितीतरी पेपर यादीत आलेच नव्हते. तिकडे त्याच झाकणाला 'हूड' म्हणतात.

बरं, 'हूड' ब्रिटिश लेखनात दिसला तर? तिथे तो बऱ्याचदा उघड्या गाडीचं दुमडणारं छप्पर असतो! तसंच आपली डिकी ब्रिटिशांची 'बूट' आणि अमेरिकनांची 'ट्रंक'. पुढच्या चाकावरचा पत्रा तिकडे 'विंग', इकडे 'फेंडर'. पिलरच्या बाबतीत मात्र गोंधळ कमी: पुढच्या काचेलगतचा ए, पुढच्या-मागच्या दारांमधला बी, त्यामागचा सी.

मग नेमकं काय धरायचं? नियमांमधली व्याख्या बघा. पादचारी सुरक्षेचा संयुक्त राष्ट्रांचा नियम क्र. १२७ 'बॉनेट' म्हणतो. अमेरिकेचा एफएमव्हीएसएस ११३ 'हूड' म्हणतो, आणि त्याची व्याख्या जागेवरून करतो: पुढच्या काचेच्या पुढे असलेलं, उघडणारं बाहेरचं झाकण, खाली इंजिन असो वा सामान. टाटा नॅनो आठवा. इंजिन मागे, पुढच्या झाकणाखाली स्टेपनी. 'इंजिनावरचं झाकण' अशी व्याख्या केलीत तर नॅनोपाशीच अडकाल.

आणखी एक खड्डा. दाराची चौकट म्हणजे 'ओपनिंग', ती बंद करणारं दार म्हणजे 'क्लोजर'. रंग देण्याआधीच्या जोडलेल्या सांगाड्याला 'बॉडी इन व्हाइट' म्हणतात. पण त्याचं वजन देताना काही लेखक दारं, बॉनेट, डिकीचं झाकण धरतात, काही वगळतात. हे न तपासता दोन पेपरमधले आकडे शेजारी मांडलेत, तर तुलनाच चुकली. आणि असली चूक गाइडच्या नजरेतूनही सुटू शकते, कारण दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबरच असतात.

म्हणून वाचन सुरू करण्याआधी वहीत तीन रकाने आखा: भाग कुठे आहे, काय करतो, कोण काय म्हणतं. सर्चमध्ये तिसऱ्या रकान्यातले सगळे शब्द 'ऑर'ने जोडा. अर्ध्या तासाचं काम आहे. माझे दोन महिने गेले, तुमचे जाऊ नयेत.