'सॅटिव्हस' : एका लॅटिन विशेषणाचा अर्थ आणि रूपे

भाताचे शास्त्रीय नाव 'ओरायझा सॅटिव्हा', काकडीचे 'कुकुमिस सॅटिव्हस', तर कोथिंबिरीचे 'कोरिअँड्रम सॅटिव्हम'. विद्यार्थी यांतील उत्तरपदे तीन निराळे शब्द समजून पाठ करतात. वस्तुतः शब्द एकच आहे. 'पेरणे' या अर्थाच्या 'सेरेरे' या लॅटिन क्रियापदाशी त्याचे नाते असून 'पेरून वाढविलेले, लागवडीचे' हा त्याचा अर्थ होय. 'उपयुक्त' किंवा 'औषधी' असा अर्थ त्यातून काढणे चुकीचे आहे.

रूप बदलते ते प्रजातीनामाच्या लिंगानुसार. पुल्लिंगी 'सॅटिव्हस', स्त्रीलिंगी 'सॅटिव्हा', नपुंसकलिंगी 'सॅटिव्हम'. 'चांगला, चांगली, चांगले' म्हणणाऱ्या मराठी भाषकास हा नियम इंग्रजी भाषकापेक्षा सहज उमगावयास हवा. परंतु वर्गात तो इंग्रजी पुस्तकांतूनच येतो आणि मराठीचा हा आधार वायाच जातो.

अर्थात केवळ अंत्याक्षर पाहून लिंग ठरविणे धोक्याचे. 'फायकस' हे नाम पुल्लिंगी भासते, पण लॅटिनमध्ये अनेक वृक्षनामे स्त्रीलिंगी मानली जातात. म्हणून पिंपळ 'फायकस रिलिजिओसा' ठरतो, 'रिलिजिओसस' नव्हे. वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय नामकरण संहितेनुसार असा चुकीचा प्रत्यय दुरुस्त करणे बंधनकारक आहे.

केशराचे उदाहरण मोठे गमतीचे आहे. लिनीयसने १७५३ मध्ये त्यास 'क्रोकस सॅटिव्हस' म्हटले. पण केशराला बीच धरत नाही. काश्मीरमधील पांपोरच्या शेतांतही त्याचे कंदच लावतात. तेथे 'पेरलेले' हा मूळ अर्थ सोडून 'लागवडीचे' एवढाच अर्थ घ्यावा लागतो.