दारावर ‘ए’, फुटपाथवर उंदीर

२०१९ च्या ऑक्टोबरात मी न्यूयॉर्कला भाच्याकडे गेले होते. एका संध्याकाळी मॅनहॅटनमधल्या एका छोट्या थाई हॉटेलबाहेर आम्ही टेबल रिकामं व्हायची वाट पाहत उभे होतो. हॉटेलच्या काचेवर निळ्या रंगात भलंमोठं ‘ए’ हे अक्षर होतं. शेजारीच फुटपाथवर कचऱ्याच्या काळ्या पिशव्यांचा कमरेएवढा ढीग. त्या ढिगात खसफस झाली आणि आपल्याकडच्या घुशीएवढा उंदीर बाहेर पडला. भिंतीच्या कडेकडेनं धावत तो हॉटेलच्या तळघराच्या लोखंडी झडपेखाली दिसेनासा झाला.

“मावशी, घाबरू नकोस,” भाचा म्हणाला. “‘ए’ आहे. आत सगळं स्वच्छ असतं.”

आम्ही आत गेलो, जेवलो. जेवण चांगलं होतं आणि पोटही बिघडलं नाही. पण मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. त्यामुळे प्रश्न डोक्यातून जाईना. खरं काय मानायचं, काचेवरचं अक्षर की झडपेखाली गेलेला उंदीर?

अक्षर कसं ठरतं?

न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य विभागानं जुलै २०१० मध्ये हॉटेलांना अक्षरं द्यायला सुरुवात केली. निरीक्षक वर्षातून निदान एकदा, न कळवता येतो. त्याच्या तक्त्यात गुण मिळतात ते चुकांसाठी. म्हणजे गुण जितके कमी, तितकं हॉटेल चांगलं. शून्य ते १३ गुण असतील तर ‘ए’, १४ ते २७ असतील तर ‘बी’ आणि २८ किंवा त्याहून जास्त असतील तर ‘सी’. अन्न योग्य तापमानाला ठेवलं नसेल तर किमान ७ गुण. सॅलडसारखा कच्चा पदार्थ नीट न धुता वाढला तर किमान ५. भांडी नीट निर्जंतुक केली नसतील तर किमान २. पहिल्या पाहणीत ‘ए’ हुकला तर लगेच अक्षर लागत नाही. सुधारणेसाठी काही दिवस मिळतात, मग पुन्हा पाहणी होते. अक्षर बाहेरून दिसेल असं लावणं सक्तीचं आहे.

उंदरांसाठीही तक्त्यात जागा आहे. निरीक्षक फडताळामागे, ओट्याखाली, पिठाच्या पोत्यांजवळ विजेरी टाकून ताज्या लेंड्या शोधतो आणि चक्क मोजतो. लेंड्या जितक्या जास्त आणि जितक्या जास्त ठिकाणी, तितके गुण अधिक. एकाच जागी थोड्या सापडल्या तर साधारण ५ गुण. आता हिशेब करून पाहा. बाकी सगळं ठीक असेल, तर उंदराच्या लेंड्या सापडूनही हॉटेलला ‘ए’ मिळू शकतो. यात फसवणूक नाही, बेरीजच तशी आहे.

दुसरी मर्यादा वेळेची. अक्षर म्हणजे एका दिवसाचा फोटो. ही पद्धत सुरू होण्यापूर्वीची, फेब्रुवारी २००७ मधली घटना न्यूयॉर्ककर अजून विसरलेले नाहीत. ग्रिनिच व्हिलेज भागातल्या एका फास्टफूड दुकानात पहाटे डझनभर उंदीर टेबलाखुर्च्यांमधून फिरत होते आणि टीव्हीचे कॅमेरे काचेबाहेरून ते चित्रित करत होते. दृश्यं जगभर गेली. त्या दुकानाची पाहणी आदल्याच दिवशी झाली होती आणि त्यात ते पास झालं होतं.

मग अक्षरांमुळे आजार तरी कमी होतात का? लॉस एंजेलिसनं अशी पद्धत १९९८ मध्येच आणली. तिथल्या नोंदी तपासून दोन अर्थतज्ज्ञांनी २००३ मध्ये सांगितलं, की अन्नातून होणाऱ्या आजारांनी रुग्णालयात जाणाऱ्यांचं प्रमाण सुमारे २० टक्क्यांनी घटलं. आनंदाची बातमी होती. इतर शहरांनीही तिचा दाखला दिला. २०१९ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी तीच माहिती पुन्हा तपासली. तेव्हा लक्षात आलं, की त्या काळात दक्षिण कॅलिफोर्नियात साल्मोनेलाची मोठी साथ येऊन ओसरली होती. जी घट अक्षरांची म्हणून सांगितली गेली, ती बरीचशी साथ ओसरल्याची होती. याचा अर्थ अक्षरं निरुपयोगी आहेत असा नाही. त्यांच्या धाकानं हॉटेलवाले हात धुण्याची जागा आणि फ्रिजचं तापमान सांभाळतात. पण अक्षर म्हणजे हमी नव्हे.

पाहुणा कसा येतो?

न्यूयॉर्कचा उंदीर तपकिरी जातीचा. अठराव्या शतकात जहाजांतून आला आणि तिथलाच झाला. पाच रुपयांच्या नाण्याएवढ्या भोकातून तो आत शिरतो. छोट्या घरउंदराला तर पेन्सिल जाईल एवढी फट पुरते. मादीची गर्भावस्था तीन आठवड्यांची, एका वेतात आठ-दहा पिल्लं आणि तीही तीन महिन्यांत वयात येतात. नजर अधू असल्यानं उंदीर मिशांनी चाचपत भिंतीला घासून चालतो, म्हणून त्याच्या वाटेवर तेलकट काळपट पट्टा उमटतो. चालताना तो थेंबथेंब मूत्र सोडत जातो. नव्या वस्तूला बिचकतो, म्हणून सापळा लावल्या लावल्या त्यात अडकत नाही.

शहरात उंदीर किती, यावर कायम वाद. माणशी एक, म्हणजे ८० लाख, अशी दंतकथा आहे. १९४० च्या दशकाच्या अखेरीस डेव्हिड डेव्हिस या शास्त्रज्ञानं अंदाज दिला अडीच लाखांचा. २०१४ मध्ये एका संख्याशास्त्रज्ञानं तक्रारींच्या नोंदींवरून हिशेब मांडला तो सुमारे २० लाखांचा.

डेव्हिस यांचं खरं काम मात्र मोजणीच्या पलीकडचं होतं. बाल्टिमोर शहरातल्या वस्त्यांत त्यांनी दाखवून दिलं, की विष घालून उंदीर मारले तर उरलेल्यांना खाणं जास्त मिळतं, वीण वाढते आणि संख्या पुन्हा होती तिथे येते. कचरा आणि बिळांच्या जागा कमी केल्या, तरच संख्या खाली येऊन खाली राहते.

याचा मोठा पुरावा २०२० मध्ये आपोआप मिळाला. कोविडमुळे हॉटेलं बंद झाली, फुटपाथवरच्या पिशव्या नाहीशा झाल्या. त्या मे महिन्यात अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राला इशारा द्यावा लागला, की भुकेले उंदीर नव्या भागांत शिरतील आणि नेहमीपेक्षा आक्रमक वागतील. हॉटेलांच्या रात्रीच्या उष्ट्यावर त्यांची किती भिस्त होती, हे तेव्हा उघड झालं.

आजार कशानं होतो?

कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी मॅनहॅटनमधले १३३ उंदीर पकडून तपासले. २०१४ मध्ये निष्कर्ष आले. साल्मोनेला, जुलाब घडवणारे ई. कोलाय, लेप्टोस्पायरा आणि ताप व मूत्रपिंडाचा आजार देणारा सोल हंटाव्हायरस त्यांच्यात होते. शिवाय विज्ञानाला तोवर ठाऊक नसलेले १८ विषाणू सापडले.

तरीही हॉटेलात जेवून आजारी पडणाऱ्यांचा मुख्य शत्रू उंदीर नाही. अमेरिकेत दरवर्षी सुमारे ४ कोटी ८० लाख लोक अन्नातून आजारी पडतात, असा तिथल्या रोग नियंत्रण केंद्राचा २०११ चा अंदाज आहे. ज्या आजारांचा जंतू ठाऊक आहे, त्यातले निम्म्याहून जास्त एकट्या नोरोव्हायरसचे. तो पसरतो माणसांच्या हातांतून. जुलाब होत असतानाही कामावर आलेला, हात नीट न धुणारा स्वयंपाकी उंदरापेक्षा जास्त लोकांना आजारी पाडतो. मग उंदराची चिंता का करायची? जिथे रात्री पीठ उघडं राहतं, सांडलेलं पुसलं जात नाही, दाराखालची फट महिनोन् महिने बुजत नाही, तिथे हातांची आणि तापमानाची शिस्त तरी पाळली जात असेल का? उंदीर बऱ्याचदा साक्षीदार म्हणून महत्त्वाचा असतो.

त्याचा थेट त्रास होतो तो टेबलावर बसलेल्यांपेक्षा पिशव्या उचलणाऱ्यांना. लेप्टोस्पायरोसिस आपल्या ओळखीचा. २००५ च्या महापुरानंतर मुंबईनं तो फार जवळून पाहिला. उंदराच्या मूत्रातला जंतू ओल्या जागेतून, हातापायांच्या जखमांतून आत शिरतो. २०१७ मध्ये ब्राँक्समधल्या एका छोट्या भागात तिघांना तो झाला, एक दगावला. २०२३ मध्ये शहरात २४ रुग्ण नोंदले गेले, तोवरची ती सर्वाधिक वार्षिक संख्या. मुंबईच्या मानानं आकडा किरकोळ. पण आजार दुर्मीळ म्हणून तिथल्या डॉक्टरांच्या मनात तो पटकन येत नाही, आणि उशीर झाला तर मूत्रपिंडं आणि यकृत धोक्यात येतात. वेळेत ओळखला तर साध्या प्रतिजैविकांनी बरा होतो.

पिशवीकडून डब्याकडे

मॅनहॅटनचा आराखडा १८११ सालचा. त्यात इमारतींच्या मागच्या बाजूला गल्ल्या ठेवल्याच नाहीत. म्हणून कचरा पुढे, फुटपाथवर येतो. वर्षानुवर्षं तो दुपारी चारपासूनच पिशव्यांत बाहेर पडत असे आणि रात्रभर पंगत चाले. एप्रिल २०२३ पासून ही वेळ पुढे ढकलली. त्याच महिन्यात शहरानं उंदीर नियंत्रणासाठी स्वतंत्र प्रमुख नेमला. जुलैअखेरीस हॉटेलांना आणि खाद्यपदार्थांच्या दुकानांना झाकणाचे डबे सक्तीचे केले, आणि मार्च २०२४ पासून सगळ्याच व्यवसायांना.

विषाबद्दलचं मतही बदललं. प्राणिसंग्रहालयातून सुटलेलं फ्लाको नावाचं मोठं घुबड वर्षभर शहरात उंदरांवर जगलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते मेलं, तेव्हा त्याच्या शरीरात उंदीरनाशक विषाचं मोठं प्रमाण सापडलं. त्यानंतर शहरानं उंदरांवर संततिनियमनाचं औषध वापरून पाहण्याचा कायदा केला, तो फ्लाकोच्या नावानं ओळखला जातो.

तिकडे गेलात तर

मुलांकडे जाणारे आईवडील आणि शिकायला गेलेली मुलं यांच्यासाठी थोडं. न्यूयॉर्कमध्ये अक्षरावर थांबू नका. आरोग्य विभागाच्या संकेतस्थळावर हॉटेलचं नाव टाकलं की आधीच्या पाहण्यांतल्या चुका वाचता येतात. एखादी चूक सगळ्यांच्या हातून होते, पण लेंड्यांची नोंद दर पाहणीत असेल तर दुसरीकडे जेवा. ब्रिटनमध्ये बहुतेक ठिकाणी शून्य ते पाच अशी श्रेणी असते. वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये ती दारावर लावणं सक्तीचं आहे, इंग्लंडमध्ये नाही. तिथे दारावर आकडा दिसला नाही तर संकेतस्थळावर पाहा. आत गेल्यावर उंदीर भरदिवसा दिसला तर त्यांची संख्या बरीच असणार, असं समजा. भिंतीच्या कडेचा तेलकट पट्टा आणि मुताचा उग्र वास हीही खूण. गरम पदार्थ खरोखर गरम हवा, थंड पदार्थ थंड.

हॉटेलच्या किंवा कँटीनच्या स्वयंपाकघरात काम करत असाल तर कचरा उचलताना हातमोजे घाला, जखम झाकून ठेवा, नंतर साबणानं हात धुवा. पुढच्या महिनाभरात ताप आला, पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले, तर उंदरांशी संबंध आला होता हे डॉक्टरांना स्वतःहून सांगा.

जेवून परतताना भाच्यानं सहज सांगितलं, की शिकत असताना तो विद्यापीठाच्या कँटीनमध्ये रात्री भांडी घासायचा आणि शेवटी कचऱ्याच्या पिशव्या बाहेर नेऊन ठेवायचा. साबणाच्या पाण्यानं बोटांना चिरा पडलेल्या असायच्या. हातमोजे? “ते कधी कुणी दिलेच नाहीत,” तो म्हणाला. “पण मावशी, कँटीनच्या दारावर ‘ए’ होता.”