परसदारचा शेजारी

अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातील सिॲटल हे शहर विमानांच्या कारखान्यांमुळे आणि अलीकडे संगणक-व्यवसायातील कुबेरांमुळे जगाला ठाऊक आहे. त्याच शहराच्या महापौरांना नोव्हेंबर २०१५ मध्ये बेघरांच्या प्रश्नावर आणीबाणी जाहीर करावी लागली. भूकंप झाला नव्हता, महापूर आला नव्हता, कारखानेही बंद पडले नव्हते. उलट शहर भरभराटीत होते आणि आपत्तीचे मूळ त्या भरभराटीतच होते. गलेलठ्ठ पगाराची माणसे हजारोंनी आली, घरे त्या प्रमाणात वाढली नाहीत, भाडी चढत गेली आणि ज्यांच्या पायाखाली आधीच भक्कम जमीन नव्हती ती माणसे पुलाखाली, उद्यानांत आणि जुन्या मोटारींत झोपू लागली. सिॲटल ज्या किंग काउंटीत मोडते तेथे २०२४ च्या गणनेत १६ हजारांहून अधिक बेघर आढळले. त्याच वर्षी साऱ्या अमेरिकेतील आकडा ७ लाख ७१ हजारांवर गेला होता.

बेघर माणूस म्हटला की तो व्यसनी, आळशी किंवा वेडसर असणार, अशी सुस्थित माणसाची समजूत असते. ती सोयीचीही असते. ग्रेग कोलबर्न आणि क्लेटन पेज आल्डर्न या दोघांनी २०२२ मधील आपल्या ग्रंथात अमेरिकन शहरांची तुलना करून ही समजूत खोडून काढली. दारिद्र्य किंवा व्यसने जेथे अधिक, तेथे बेघर अधिक असे दिसत नाही. भाडी जेथे चढी आणि रिकामी घरे थोडी, तेथे ते अधिक दिसतात. व्यसन किंवा मनोविकार कोण बाहेर फेकला जाईल हे ठरवतो. किती जण फेकले जातील हे घरांचा पुरवठा ठरवतो.

आता या पुरवठ्याची एक गंमत पाहण्यासारखी आहे. सिॲटलमधील निवासी जमिनीपैकी तीन चतुर्थांशाच्या आसपास जमीन दीर्घकाळ एका प्लॉटवर एकच कुटुंब राहील अशा घरांसाठी राखलेली होती. पुढे हिरवळ, मागे प्रशस्त परसू. जमीन नाही म्हणून घरे नाहीत असे सांगणाऱ्या शहराची जमीन परसात पडून होती. रेक्स होल्बाइन या वास्तुशिल्पज्ञाचे लक्ष नेमके तेथे गेले. कार्यालयाबाहेर भेटणाऱ्या बेघरांशी बोलता बोलता त्यांनी ‘फेसिंग होमलेसनेस’ ही संस्था उभी केली आणि तिच्यातून ‘ब्लॉक प्रोजेक्ट’ जन्माला आला. ‘ब्लॉक’ म्हणजे चार रस्त्यांमधला घरांचा पुंजका. आपल्याकडची आळी म्हणा. प्रत्येक आळीत एका घरमालकाने आपले परसू द्यावे, संस्थेने तेथे छोटे घर बांधावे आणि एका बेघराने त्यात राहावे, अशी ही कल्पना. पहिले घर २०१७ मध्ये बीकन हिल या भागात उभे राहिले.

हे घर १२५ चौरस फुटांचे, म्हणजे मुंबईच्या बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीहूनही लहान. पण त्यात स्वयंपाकाची जागा आहे, स्वतःचे न्हाणीघर आणि शौचकूप आहे, छपरावर सूर्यशक्तीचे पत्रे आहेत, पुढे बसायला छोटी ओसरी आहे. शिवाय दाराला कडी आहे आणि ती आतून लावता येते. वर्षानुवर्षे रस्त्यावर झोपलेल्या माणसाला या कडीचे मोल काय वाटत असेल, हे चार भिंतींत जन्मलेल्यांनी अंदाजानेच जाणावे.

खर्चाच्या बाजूने पाहता योजना आकर्षक आहे. लॉस एंजेलिसच्या मतदारांनी २०१६ मध्ये बेघरांच्या घरांसाठी १२० कोटी डॉलरचे कर्ज उभारण्यास संमती दिली. पण तेथे एकेका सदनिकेचा खर्च सरासरीने पाच लाख डॉलरच्या वर गेला. परसातल्या घराला जमिनीची किंमत नाही, श्रमाचा बराच भाग स्वयंसेवकांचा, सामग्रीही पुष्कळशी दानाची. मग अशी घरे हजारोंनी का उभी राहिली नाहीत? प्रत्यक्षात ती शंभरीच्या जवळपासही गेलेली नाहीत. कारण येथे दुर्मीळ असलेली वस्तू विटा-लाकूड नव्हे; शेजाऱ्यांची संमती आहे.

घर बांधण्यापूर्वी आळीतल्या लोकांना भेटून त्यांच्या शंका ऐकल्या जातात. मुले अंगणात खेळतात, त्यांचे काय? घराची किंमत उतरली तर? येणारा माणूस कोण, त्याची हमी कोण देणार? या शंका घेणाऱ्यांना दुष्ट ठरवणे सोपे असले, तरी ते योग्य नव्हे. सामान्य अमेरिकन कुटुंबाची आयुष्यभराची बचत त्याच्या घरातच अडकलेली असते आणि बचतीवरच्या संकटाची चाहूल लागली की माणूस उदार राहत नाही. दोनशे खाटांचे आश्रयगृह एका वस्तीत उभे करायचे ठरले की ती वस्ती पेटून उठते. प्रत्येक आळीत एकच माणूस आला, तर भार विभागला जातो, भीतीही विभागली जाते. आपल्याकडे वार लावून जेवणाऱ्या विद्यार्थ्याची व्यवस्था याच तत्त्वावर चालत असे: सात घरे, सात दिवस, कोणा एकाच्या चुलीवर ताण नाही. अर्थात ती पंगत जातीच्या उंबरठ्याबाहेर सहसा जात नसे, हेही येथे नोंदवले पाहिजे.

वार लावून जेवणाऱ्याच्या आठवणीतच दुसरी, अधिक अवघड गोष्ट दडलेली आहे. जुन्या मराठी घरांत मागच्या खोलीत एखादा आश्रित असे. त्याला अन्न मिळे, अंथरूण मिळे, पण तक्रारीचा अधिकार मिळत नसे. परसातल्या घराचा रहिवासी असा आश्रित होणार की शेजारी? यजमान कितीही सज्जन असला, तरी ज्याच्या जमिनीवर आपण झोपतो त्याच्याशी बरोबरीने बोलणे कठीण असते. मिंधेपणा हे भाडे रोखीच्या भाड्याहून जड पडते. म्हणूनच यजमानाखेरीज आळीतील इतर माणसांचे महत्त्व आहे. कोणी त्याला दवाखान्यात मोटारीने नेतो, कोणी सरकारी अर्ज भरून देतो, कोणी नुसता ओसरीवर येऊन बसतो. उपकारकर्ते अनेक झाले की उपकार पातळ होतात. त्यात रहिवाशानेही कोणाच्या बागेला पाणी घातले, कोणाचे कुत्रे सांभाळले, की हिशेब हळूहळू दोन्ही बाजूंनी लिहिला जाऊ लागतो. त्याला एकटे राहायचे असेल त्या दिवशी दार लावून घेण्याचा अधिकार मात्र कोणी काढून घेता कामा नये. अतिउत्साही शेजार हाही एक उपद्रवच असतो.

केवळ सद्भावनेच्या बळावर अशी व्यवस्था किती काळ टिकेल? बेल्जियममधील गील या गावात मनोरुग्णांना घरी ठेवून घेण्याची प्रथा मध्ययुगापासून चालत आली आहे. संत डिम्फ्नाच्या दर्शनाला आलेले रुग्ण गावकऱ्यांच्या घरी राहू लागले, तेथून तिची सुरुवात झाली. १९३० नंतरच्या दशकात त्या गावात साडेतीन हजारांवर रुग्ण कुटुंबांत राहत होते. आज ही संख्या पुष्कळ घटली असली तरी प्रथा मोडलेली नाही. तिच्या दीर्घायुष्याचे श्रेय नुसत्या धर्मभावनेला देता येणार नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून सरकारने तिची जबाबदारी घेतली. कुटुंबाला मोबदला मिळतो, मागे रुग्णालय उभे असते आणि प्रकृती बिघडली तर हाक कोणाला मारायची हे प्रत्येक घराला माहीत असते.

अमेरिकेतही मोबदल्याचे प्रयोग सुचले. ओरेगनमधील पोर्टलंड शहराच्या मुल्टनोमा काउंटीने २०१७ मध्ये योजना मांडली, की काउंटी परसात घर बांधून देईल, मालकाने पाच वर्षे तेथे बेघर कुटुंबाला ठेवावे आणि त्यानंतर घर मालकाचे व्हावे. अवघ्या चार घरांच्या या प्रयोगासाठी हजाराहून अधिक घरमालकांनी उत्सुकता दाखवली. लोक दार उघडायला तयार असतात, हा त्याचा एक अर्थ. फुकट घर कोणाला नको, हा दुसरा. बहुधा दोन्ही खरे असावेत. आणि अर्थशास्त्राला त्यात लाज वाटण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच, की सहाव्या वर्षी त्या कुटुंबाने कोठे जावे?

बाजाराची ओढ किती जबर असते, हे पुढे सिॲटलमध्येच दिसले. २०१९ मध्ये शहराने परसातल्या घरांचे नियम सैल केले. एका प्लॉटवर दोन दुय्यम घरांना मुभा मिळाली, मालकाने तेथेच राहण्याची अट गेली, मोटारीसाठी जागा राखण्याची सक्तीही गेली. सुधारणा आवश्यकच होती. २०२२ या एका वर्षात अशा घरांना हजाराच्या जवळपास परवाने मिळाले. पण परसातल्या घराला आता चढे भाडे मिळू लागले, म्हणजेच ते बेघराला देणाऱ्या यजमानाचा त्याग पूर्वीपेक्षा महाग झाला. जो कायदा परसाचे फाटक उघडतो, तोच परसाची किंमत वाढवतो.

जून २०२४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की निवारा उपलब्ध नसला तरीही उघड्यावर झोपणाऱ्यांना दंड करण्याची नगरपालिकांना मुभा आहे. एका हद्दीतून हाकललेला माणूस दुसऱ्या हद्दीत जाऊन झोपतो. सिॲटलच्या काही आळ्यांत मात्र संध्याकाळी परसातल्या ओसरीवर दिवा लागतो. पुढच्या घराचा मालक उद्या ते विकून निघून गेला, तर त्या दिव्याचे काय, याचे उत्तर कराराच्या कागदात आधीच लिहिलेले असावे लागते. आणि नवा मालक राहायला येईल तेव्हा त्याला सर्वांत आधी भेटायला जाणारी माणसे त्या आळीतलीच असावी लागतात.