रात्री वारंवार लघवीला उठता? आधी घोरण्याकडे बघा



सूरजागडच्या डोंगरपट्ट्यात रात्री लघवीला बाहेर जाणे ही साधी गोष्ट नाही. पावसाळ्यात अंगणात, लाकडाच्या ढिगाजवळ मण्यार फिरते. ती रात्रीच निघते आणि तिचा चावा पुष्कळदा कळतही नाही. घर जंगलाला लागून असेल तर बिबट्या-अस्वलाचे भय असतेच. म्हाताऱ्या माणसाचा ओल्या ओट्यावरून पाय घसरतो तो वेगळाच. रात्रीतून एकदा उठावे लागले तर हरकत नाही. पण तीन-चार वेळा उठावे लागत असेल तर "वय झाले" म्हणून सोडून देऊ नका. कारण शोधा.

मधुमेह, पुरुषांत प्रोस्टेट ग्रंथीची वाढ, पायांवरची सूज, लघवीची जळजळ, संध्याकाळचा चहा ही कारणे बहुतेकांना ठाऊक आहेत. पण एक कारण घशात दडलेले असते. ते म्हणजे झोपेत श्वास अडणे. डॉक्टर त्याला स्लीप ॲप्निया म्हणतात.

घशाचा आणि लघवीचा काय संबंध?

पंपाच्या सक्शनला मऊ नळी लावली तर काय होते? पंप ओढतो तशी ती चपटी होते आणि पाणी येत नाही. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, तेव्हा काहींचा घसा असाच मिटतो. छाती ओढत राहते, हवा जात नाही. दहा-वीस सेकंदांनी, कधी त्याहून उशिरा, माणूस गुदमरून दचकतो, जोरात श्वास घेतो आणि पुन्हा झोपतो. रात्रभर हेच चालते.

बंद घशातून छाती जोर लावते तेव्हा हृदयाकडे रक्त जास्त खेचले जाते आणि हृदयाचा वरचा कप्पा ताणतो. अंगात पाणी जास्त झाले असे समजून हृदय रक्तात एक संप्रेरक सोडते, आणि मूत्रपिंडे मीठ व पाणी बाहेर टाकू लागतात. बांधीत पाणी तुंबले असे वाटून कोणी धुरा फोडावा, तसाच हा प्रकार. पाणी जास्त नसतेच; पण लघवी मात्र भरपूर होते.

ओळखावे कसे?

रोग्याला स्वतःला हे कळत नाही. घरच्यांनी लक्ष ठेवावे.

१. जोरात घोरणे, मधेच शांतता, मग दचकून श्वास घेणे.
२. सकाळी तोंड कोरडे पडणे, डोके दुखणे.
३. पुरेसे झोपूनही दिवसा बसल्या जागी डुलकी लागणे.
४. रक्तदाब औषधाने आटोक्यात न येणे.
५. रात्री दर वेळी भरपूर लघवी होणे. थोडी थोडी आणि बारीक धारेने होत असेल तर प्रोस्टेटचीही तपासणी करावी.

दोन दिवस लघवी मापाच्या भांड्यात मोजून लिहून ठेवा. चोवीस तासांतल्या लघवीचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग रात्रीच होत असेल तर डॉक्टरांना तो आकडा दाखवा.

हा रोग फक्त लठ्ठ माणसांचा नाही. लहान जबड्याच्या सडपातळ माणसालाही तो होतो. पाळी गेल्यावर स्त्रियांतही त्याचे प्रमाण वाढते. मुंबईत डॉ. झरीर उडवाडिया आणि सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांची पाहणी केली. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत शंभरात सुमारे १९ ते २० जणांचा श्वास झोपेत अडत होता. त्यांपैकी ७ ते ८ जणांना दिवसा झोपही येत होती. ट्रक किंवा ट्रॅक्टर चालवणाऱ्याला अशी डुलकी लागली तर काय होईल, हे सांगायला नको.

उपाय काय?

वजन जास्त असेल तर कमी करा. पाठीवर न झोपता कुशीवर झोपा. झोपण्यापूर्वी मोहाची किंवा कोणतीही दारू घेऊ नका. तिने घसा आणखी सैल पडतो. झोपेच्या गोळ्या मनाने घेऊ नका.

त्रास जास्त असेल तर नाकावर मुखवटा लावून हवेचा दाब देणारे सीपॅप यंत्र वापरतात. १९८१ साली ऑस्ट्रेलियातील डॉ. कॉलिन सलिव्हन आणि सहकाऱ्यांनी ते पुढे आणले. हवेच्या दाबाने घशाची नळी उघडी राहते, छातीवरचा ताण जातो आणि अनेकांचे रात्रीचे उठणेही कमी होते. यंत्राला वीज लागते, म्हणून लाइट जाणाऱ्या गावात बॅटरीची सोय आधी विचारून घ्या. झोपेची तपासणी झाल्याशिवाय यंत्र विकत घेऊ नका.

लघवी कमी व्हावी म्हणून दिवसा पाणी तोडू नका. रोवणीच्या, उन्हाच्या कामात ते घातक ठरते. फक्त झोपेच्या दोन-तीन तास आधीपासून पाणी, चहा कमी करा. रक्तदाबाची गोळी स्वतःहून बंद करू नका. तिची वेळ डॉक्टरांना विचारा.

पहिली तपासणी एटापल्लीच्या ग्रामीण रुग्णालयात करून घ्या. रक्तातली साखर आणि रक्तदाब जरूर पाहावा. तेथे "रात्री लघवीला उठतो" एवढेच सांगू नका. "घोरतो आणि श्वास अडतो" हेही सांगा. शक्य तर शेजारी झोपणाऱ्या माणसाला सोबत न्या. गरज पडल्यास छातीविकार तज्ज्ञाकडे चिठ्ठी मागा.

गुण येईपर्यंत खाटेजवळ टॉर्च आणि झाकणाचे भांडे ठेवा. मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा. रात्री अंधारात अनवाणी बाहेर पडू नका.